नरखेडला ऐकू आलेली किलबिल

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून पुन्हा डायरी. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत ३१ जानेवारीला संपते आहे आणि मध्येच 'झालं का?' न विचारणारं कोणीतरी मला हवं आहे. आठ वर्षं मी 'झालं का' ऐकते आहे. शेजारच्या सुमतीकाकूंनी तर हल्ली विचारणंही सोडलं, नुसत्या बघतात.

काकूंना मी एकदा सगळं समजावून सांगितलं होतं. पृथ्वीभोवती चुंबकाचं मोठं कवच आहे. त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि परत उत्तरेकडे अशा येरझाऱ्या घालत असतात. त्याच जागेत लहरी उठतात. लहर आणि इलेक्ट्रॉन यांची लय जुळली की काहींना लहर झोका देते. ते इतके वेगवान होतात की उपग्रहांची यंत्रं निकामी करतात. काहींना असा धक्का बसतो की त्यांची वाट वाकते आणि ते खाली हवेत पडून संपतात. कोणाचं काय होणार हे तो इलेक्ट्रॉन लहरीला नेमक्या कोणत्या क्षणी भेटला यावर ठरतं. काकू म्हणाल्या, "म्हणजे नशीबच ना वं." मी म्हटलं, नाही काकू, गणित आहे. "तेच ते," म्हणाल्या.

या लहरींपैकी काहींचा सूर खालून वर चढत जातो. स्पीकरला जोडल्या तर पहाटे झाडावरची पाखरं जागी झाल्यासारखं ऐकू येतं, म्हणून त्यांना पहाटेची किलबिल म्हणतात. ही किलबिल पार उत्तरेकडच्या थंड देशांत जमिनीवर ऐकू येते. आपल्या इतक्या खाली ती यायला नको. माझा प्रबंध म्हणतो, येते. नरखेड तालुक्यात, चंपतरावांच्या संत्र्याच्या बागेत, मार्च २०२३ पासून जवळजवळ रोज येते.

ती तिकडून इकडे कशी पोहोचते याचं उत्तर तिसऱ्या प्रकरणात आहे. चौथं प्रकरण माझं सगळ्यात लाडकं. त्यात मी दाखवलं आहे की दोन चिवचिवाटांमधलं अंतर रात्रभर वाढत जातं, पहाटेपर्यंत सव्वापट होतं, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. लहरींना पोसणारे इलेक्ट्रॉन संपत येतात, म्हणून. हे याआधी कोणीही दाखवलेलं नाही.

झालं तर जूनमध्ये कॉलेजातल्या कायम जागेच्या मुलाखतीला बसता येईल. नाही झालं तर वयाच्या छत्तिसाव्या वर्षीही तासिका तत्त्वावर, दर जुलैला यादीत नाव शोधत.

२७ नोव्हेंबर

देशकर सरांनी पाचही प्रकरणं एका दिवसात वाचून परत दिली. एकही लाल खूण नाही. "छान आहे, बांधून आणा," एवढंच म्हणाले. सर ३१ जानेवारीला निवृत्त होताहेत आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. मागे एकदा त्यांनी विचारलं होतं, तिथं जवळपास कुंपण वगैरे काही आहे का? मी नाही म्हटलं होतं. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. एवढा विश्वास टाकणारा मार्गदर्शक मिळायला भाग्य लागतं.

३० नोव्हेंबर, रविवार

काटोलला बस बदलून साडेअकराला बागेत पोहोचले. विहिरीशेजारच्या खोलीत माझा रेकॉर्डर आहे, आणि खोलीसमोर, झाडांच्या शेवटच्या ओळीपलीकडे, अँटेना: तारेची मोठी चौकट, पुरुषभर उंच. तीन वर्षांत तिच्यावर दोनदा वेल चढला आणि चंपतकाकांनी दोनदा उतरवला.

काका सत्तरीचे आहेत, पण शिस्त अशी की आमच्या प्रयोगशाळेत कोणाला नाही. मी त्यांना एक वही दिली आहे. रोज सकाळी ते लिहितात: मोटार चालली का, लाईन गेली का, वीज कडाडली का, आणि शेवटी शेरा. मोटारीमुळे माझ्या नोंदी बिघडतात म्हणून तीन वर्षांत त्यांनी रात्री एकदाही मोटार लावली नाही. शेऱ्यात मात्र रोजचं एकच: 'डुक्कर नाही. ठीक.' मी हे वाचून दर वेळी हसते. बाकीचे रकाने कॉम्प्युटरवर चढवते, शेरा सोडून देते.

काकांच्या घरी गोपिकाकाकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. काका म्हणाले, "पुस्तकात आपल्या गावाचं नाव येईन ना वं?" पहिल्याच पानावर आहे, म्हटलं. काकू म्हणाल्या, "त्याईचंई टाक. रोज लिवते ते. मायी दवाई इसरते, तुयी वही इसरत नाही." काका लाजले. सत्तर वर्षांचा माणूस लाजताना किती बरा दिसतो.

५ डिसेंबर

बाबांना आज किलबिल ऐकवली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तरी इतक्या वर्षांत हे राहूनच गेलं होतं. बाबांची उभी नोकरी तारघरात गेली. हेडफोन लावून त्यांनी डोळे मिटले आणि टेबलावर बोट आपटू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे कोन ठोकून राहिलं?"

कोणी नाही बाबा, निसर्ग आहे.

"निसर्ग एवढा एकसारखा नसते, मोना. पाऊस पाह्य, थेंबाले थेंब जुळत नाही त्याचा. हे तर कोनीतरी नोकरी करून राहिलं."

मी हसले. बिचाऱ्यांना सगळीकडे कट्ट-कडकट्टच ऐकू येतं.

११ डिसेंबर

आमच्या संशोधन केंद्रात नवीन मुलगी आली आहे, श्वेता. बँकेची नोकरी सोडून संशोधनाला आली, हे ऐकून मी तिला चहा पाजला, दुसरं काय करणार. तिचा विषय: माझं चौथं प्रकरण पुढे नेणं. तिला ते जवळजवळ पाठ आहे. "मॅडम, तुमचा तो अंतराचा आलेख मी मोबाईलवर लावला आहे," म्हणाली आणि दाखवलाही. घरी येताना मी उगाचच दोन थांबे आधी उतरून चालत आले. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

१७ डिसेंबर

काय लिहू.

विद्यापीठाच्या नव्या नमुन्यात जागेची नोंदवही जशीच्या तशी जोडायची आहे, शेऱ्यासकट. म्हणून सकाळपासून शेरे टाइप करत होते. डुक्कर नाही, ठीक. डुक्कर नाही, ठीक. कॉपी करून चिकटवत होते खरं तर. मग १९ जुलै २०२३ला वेगळं दिसलं: 'बॅटरी उतरली. डुकरं आली. चार झाडं उकरली.' पुढे २ सप्टेंबरला पुन्हा तेच. असं करत एकूण अकरा रात्री.

माझ्याकडेही अकरा रात्रींची यादी आहे. अडीच वर्षांत किलबिल न आलेल्या अकरा रात्री. त्यातल्या सहा रात्री आकाश खरंच शांत होतं. उरलेल्या पाच रात्री नव्हतं, तरी किलबिल का आली नाही यावर मी दोन पानं लिहिली आहेत, चांगली दोन पानं.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. त्याच तारखा.

१८ डिसेंबर

सकाळी काकांना फोन केला. विचारलं, कसली बॅटरी?

"झटक्याची ना वं."

रानडुकरं अडवायला बागांच्या कडेला तार ओढतात, तिला मशीन लावतात. सेकंदाला एक झटका. संध्याकाळी चालू, सकाळी बंद. नरखेड तालुक्यात हे कोणाला माहीत नाही? मला माहीत होतं. मी दर महिन्याला बसमधून अशा तारा बघत जाते.

"पयल्या वर्षी फेब्रुवारीत डुकरानं तुया केबलले दात लावले होते, तवा तू रडली होती. मंग म्या झटका आणला. तुया मशीनच्या खोलीमांगच लावेल आहे, टिनाच्या डब्यात. तुले हात लागू नये म्हणून तू यायच्या आंधी तार गुंडाळून ठेवतो."

मला कधी सांगितलं का नाही, काका?

"तुले काहून सांगाव? तू उगाच मनाले लावून घेतलं असतं. अन् तू मोटारीचं म्हनली होती. याले लाईन लागतच नाही, उन्हावर चालते हे." मग, "काहून वं, चोरी झाली का?"

नाही, म्हटलं. सगळं ठीक आहे.

२१ डिसेंबर, रविवार

जाऊन पाहून आले. दुपारी बारा वाजता काकांना तार लावायला सांगितली आणि हेडफोन घातले. भर उन्हात पहाटेची किलबिल.

आता सगळं कळतं आहे, आणि अगदी सोपं आहे. झटका बसला की माझा ॲम्प्लिफायर गुदमरतो, आणि सावरताना शिट्टी मारतो, खालून वर चढत जाणारी. विजेची कडकड पुसायला मीच लिहिलेला प्रोग्रॅम झटक्याची उभी रेघही पुसून टाकत होता आणि मागे नुसती शिट्टी ठेवत होता. रात्रभर अंतर वाढतं कारण बॅटरी उतरते आणि झटका सावकाश होतो. पावसाळ्यात जास्त वाढतं कारण ढगांमुळे बॅटरी भरत नाही. लहरींना पोसणारे इलेक्ट्रॉन संपत नव्हते. काकांच्या डब्यातली बॅटरी संपत होती, आणि मी तिच्यावर एक्केचाळीस पानं लिहिली.

काका शेजारी उभे होते. "आवाज बराबर येते ना?" बरोबर येतो, म्हटलं.

बाबांनी अर्ध्या मिनिटात ओळखलं होतं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

२३ डिसेंबर

सरांना सांगितलं. मला वाटलं होतं ते हादरतील. त्यांनी चष्मा पुसला. "शेरा म्हणजे डेटा नाही, मोनाली. जोडपत्र कोणी वाचत नाही. बाहेरचे दोन्ही परीक्षक माझे जुने स्नेही आहेत. या वयात तुम्ही पुन्हा पहिल्यापासून करणार आहात का?"

पण सर, ते खोटं आहे.

"आधी कुठे तुम्हाला माहीत होतं? आधी लिहिलं तेव्हा खरंच होतं ना?"

बाहेर येऊन जिन्यावर बसले. सरांना इतकं शांत कसं राहता येतं ते मला कळत नाही. बहुधा माझा विचार करूनच बोलले असतील.

२५ डिसेंबर

करायचं. प्रबंध द्यायचा. कोणाचं काय जाणार आहे? कपाटात एक जाड पुस्तक वाढेल. मला कायम जागा मिळेल, बाबांच्या गुडघ्यांचं बघता येईल. उद्या बांधायला टाकते.

२६ डिसेंबर

टाकलं. चार प्रती, सोनेरी अक्षरं.

२ जानेवारी २०२६

प्रती आल्या. बाबांनी एक हातात घेऊन वजन केलं. "जड आहे वं," म्हणाले आणि टीव्हीशेजारी ठेवली. मला ती तिथं बघवत नाही. रोज तिच्यावर टॉवेल टाकून झाकते, बाबा रोज उघडतात.

अकरा रात्रींचा सगळा डेटा पुन्हा तपासला. त्याच रात्री खऱ्या. त्यात एकूण चार खऱ्या शिट्ट्या, वरून खाली उतरत जाणाऱ्या, दक्षिणेकडच्या कुठल्यातरी विजेच्या, कवचातून फिरून आलेल्या. सुंदर आहेत. चार शिट्ट्यांवर पीएच.डी. मिळत नाही.

६ जानेवारी

श्वेताने नरखेडला जायची परवानगी मागितली. तिला अँटेना पाहायची आहे, दुसरी तशीच रामटेकला उभारायची आहे. तिची पाच वर्षं तिने कागदावर आखून आणली होती. प्रत्येक वर्षाखाली माझ्या चौथ्या प्रकरणातला एक एक आलेख.

मी तिला म्हटलं, बस.

सगळं सांगितलं. तिने आलेखांच्या कागदाची घडी घातली. मला मनातून वाटत होतं की ती म्हणेल, मॅडम, सांगितलंत ते बरं झालं. ती म्हणाली, "अडीच वर्षं तुम्ही एकदाही मागे जाऊन पाहिलं नाही? खोलीच्या मागे?"

नाही पाहिलं.

"मी नोकरी सोडली मॅडम. राजीनामा दिला."

ती गेल्यावर लक्षात आलं की चहा तसाच राहिला होता, दोघींचाही.

८ जानेवारी

आता देता येणार नाही. मोठा धीर वगैरे काही नाही, एका मुलीला कळलं आहे आणि ती माझ्याकडे कशी बघत होती ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, एवढंच. तिला कळलं नसतं तर मी दिला असता. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे मी स्वतःला फार शहाणी समजणार नाही.

सरांना सांगितलं. ते पहिल्यांदा चिडले. "तुमच्यामुळे माझी शेवटची विद्यार्थिनी अपूर्ण दिसेल." मग म्हणाले, "मी तुम्हाला कुंपणाचं विचारलं होतं." हो सर, विचारलं होतं.

१३ जानेवारी

मुदतवाढीचा अर्ज नियमात बसत नाही. खिडकीवरच्या बाईंनी मला दोनदा समजावून सांगितलं, चांगल्या होत्या. आठ वर्षांनंतर नवी नोंदणी करता येते, पण नवा विषय, नवा मार्गदर्शक आणि रिक्त जागा लागते. केंद्रात जागा एकच होती, ती श्वेताची. तिने विषय बदलून घेतला, असं कळलं. माझ्याशी बोलत नाही.

१४ जानेवारी

बाबांना सांगितलं. त्यांनी प्रबंध टीव्हीशेजारून उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि तिळाचे लाडू पुढे केले, सुमतीकाकूंनी दिलेले. मी रडले. म्हणाले, "तारघर बंद झालं तवा मायाजवळ चाळीस वर्षाचा हात होता. कुठं कामी आला?" मला धीर द्यायलाच म्हणाले असणार. मला त्याने आणखी रडू आलं.

३१ जानेवारी, शनिवार

संपलं. दुपारी सरांचा निरोप समारंभ होता. मी फुलं नेली. भाषणात त्यांनी यशस्वी विद्यार्थ्यांची नावं घेतली. गर्दीत श्वेता दोन खुर्च्या सोडून बसली होती.

८ फेब्रुवारी, रविवार

परतीच्या बसमध्ये लिहिते आहे. अक्षर बिघडेल.

काल संध्याकाळी अँटेना उतरवायला गेले होते. उतरवण्याआधी एकदा तरी मला खरं ऐकायचं होतं. प्रबंधासाठी नाही. तीन वर्षं मी ज्या आकाशाबद्दल बोलत होते ते मी अकरा रात्री सोडून कधी ऐकलंच नव्हतं. काकांना म्हटलं, आज एक रात्र झटका बंद ठेवाल का?

"काहून वं?"

त्याचाही थोडा आवाज येतो, काका.

त्यांनी विचारलं, "अन् मांगचं? तीन वर्षाचं?"

ते कॉम्प्युटर काढून टाकतो, म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मला खोटं बोलता येत नाही असं बाबा म्हणतात, पण काकांना ते कळलं नसावं. जेवण झाल्यावर ते घोंगडी, काठी आणि टॉर्च घेऊन धुऱ्यावर, बागेच्या बांधावर, जाऊन बसले. मी नको नको म्हटलं. गोपिकाकाकू म्हणाल्या, "बसू दे. मृगाची संत्री झाडावर आहे, डुकरं सोडतात काय?"

मी पहाटे चारपासून ऐकत होते. प्रोग्रॅम न लावता, नुसतं. दूर कुठेतरी वीज पडते त्याची बारीक कडकड, चुलीत काटकी तडकल्यासारखी. त्यापलीकडे काही नाही. पाच वाजले. साडेपाच. वर लहरी उठत असतील, इलेक्ट्रॉन त्यांना भेटत असतील, कोणी तरत असेल, कोणी पडत असेल. त्यातलं काही नरखेडला येत नाही. यायचं कारणच नाही, हे मला पहिल्या वर्षी पुस्तकात वाचून माहीत होतं. तरी मी हेडफोन काढले नाहीत. एक तरी यावी असं मला इतकं वाटत होतं की दोनदा ऐकू आल्याचा भास झाला.

साडेसहाला उजाडलं. काका आत आले. थंडीने ओठ निळे पडले होते, धोतर गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेलं. दारातच उभे राहून विचारलं, "आला का वं आवाज?"

मी म्हटलं, आला.

ते खाली बसले. काठी भिंतीला लावली. मग हात पुढे केला, "मलेई दे ना. तीन वर्षांत कधी ऐकलं नाही म्या."

मी काय करणार होते? दिले. त्यांनी हेडफोन टोपीवरूनच घातले, मी नीट केले. त्यांनी डोळे मिटले. रेकॉर्डरवरची सुई मला दिसत होती, ती बारीक कडकडीपलीकडे हलत नव्हती. काका एक मिनिट, दोन मिनिटं तसेच बसून होते. मी हात धरून हेडफोन काढून घ्यावेत असं वाटत होतं.

मग त्यांनी मान हलवली. "हो," म्हणाले. "येऊन राहिला. लय गोड आहे वं."

मी हो म्हटलं. काकूंनी चहा आणला, आणि काका हेडफोन न काढताच चहा पीत बसले.